‘ॲन आयडियल हजबंड’ची तालीम तिसऱ्या अंकापासून सुरू करा

तुमचा प्रश्न असा: ऑस्कर वाइल्डचं ‘ॲन आयडियल हजबंड’ हौशी नटांना घेऊन बसवताय, संवाद खुसखुशीत आहेत, तरी वाचनात नाटक पुढे सरकत नाही. काय करावं?

संवादांची घासाघीस थोडे दिवस थांबवा. हे नाटक तीन वस्तूंवर चालतं: हिऱ्यांचा सापाच्या आकाराचा ब्रोच आणि दोन पत्रं. कोणती वस्तू कुणाच्या हातात गेली हे प्रेक्षकाला दिसलं नाही, तर उरते नुसती शेरेबाजी.

म्हणून आधी तिसरा अंक घ्या. लॉर्ड गोरिंगच्या लायब्ररीत उजवीकडे हॉलचं दार, डावीकडे स्मोकिंग रूमचं, मागे ड्रॉइंगरूमची दुहेरी दारं. पहिल्याच दिवशी जमिनीवर टेप मारून ती पक्की करा. ड्रॉइंगरूममध्ये लेडी चिल्टर्न, म्हणजे त्याचा मित्र आणि राजकारणी सर रॉबर्ट चिल्टर्न याची बायको, आहे असं गोरिंग समजतो. असते मिसेस शेव्हली, रॉबर्टच्या जुन्या पत्रावरून त्याला धमकावणारी बाई. खुर्ची पडते, सर रॉबर्ट आत जाऊन तिला पाहतो आणि भडकतो, आणि गोरिंग भलत्याच बाईची बाजू घेत राहतो. गोरिंगला आतलं दिसेल अशा जागी तो उभा असला की प्रसंग कोसळतो. त्याला पुढे, लिहिण्याच्या टेबलापाशी ठेवा. खुर्ची विंगेत खरीच पाडा. सभागृहाच्या स्पीकरमधला आवाज त्या दारामागून आल्यासारखा वाटत नाही.

ब्रोच मनगटाभोवती बसेल असा लवचिक आणि शेवटच्या रांगेतून चमकेल एवढा मोठा हवा. त्यात माणिक आहे, तेव्हा एक मोठा लाल खडा लावा. कडीऐवजी चुंबक बसवा, म्हणजे गोरिंगला तो शेव्हलीच्या मनगटावर झटक्यात अडकवता येईल. न निघण्याची धडपड नटीने अभिनयातून दाखवायची. जादा नग तयार ठेवा. पहिल्या अंकात गोरिंग म्हणतो की हा बांगडीसारखाही घालता येतो. ते वाक्य कापलंत, तर तिसऱ्या अंकात ब्रोचची चोरी पकडणारा हा सापळा आकाशातून पडल्यासारखा वाटेल.

लेडी चिल्टर्नने गोरिंगला लिहिलेलं पत्र गुलाबी आहे. फिका गुलाबी कागद अंबर प्रकाशात पांढरट दिसतो, म्हणून गडद छटा घ्या आणि प्रत्यक्ष दिव्यांखाली पाहून ठरवा. रॉबर्टचं, तरुणपणी सरकारी गुपित विकल्याचं पत्र साधं पांढरं. संहितेत ते दिव्यावर जळतं. नाट्यगृहात ज्योतीला परवानगी नसेल तर विजेच्या दिव्याने उजळलेल्या खोट्या शेकोटीत टाका, पण पुढून, सगळ्यांदेखत. त्यानंतर शेव्हली पाणी मागते. गोरिंगची पाठ फिरताच ती गुलाबी पत्र उचलते, ती हालचाल संथ ठेवा.

काटछाट करायची तर पहिल्या अंकातल्या पाहुण्यांच्या गप्पा आणि लेडी मार्कबीचं लांबण यांत करा. सुएझ कालव्याच्या भागाला हात लावू नका. सरकार कालव्याचे शेअर घेणार हे गुपित तरुण रॉबर्टने विकलं, त्याचे त्याला १,१०,००० पौंड मिळाले. ही रक्कम ठळक ऐकू आली पाहिजे. (ब्रिटनने ते शेअर खरोखरच १८७५ मध्ये घेतले होते.) आणि रॉबर्टची भीती हलक्याने खेळू नका. ३ जानेवारी १८९५ ला लंडनच्या हेमार्केट थिएटरात हे नाटक लागलं, आणि एप्रिलमध्ये वाइल्ड स्वतः अटकेत होता. उघडं पडण्याचा धाक या संहितेत खरा आहे.

गोरिंगने वाक्य फेकून हशाची वाट बघू नये. त्याने ते गांभीर्याने बोलावं आणि पुढच्या नटाने हशा उतरू लागताच आपलं वाक्य घ्यावं.

चौथ्या अंकात लेडी चिल्टर्न मंत्रिमंडळातली जागा नाकारणारं नवऱ्याचं पत्र फाडते. जाड कागद वापरा, फाटण्याचा आवाज यायला हवा. प्रत्येक प्रयोगासाठी पत्रं पूर्ण मजकुरासह नव्याने लिहून ठेवा.