मिसिसागा म्हणजे टोरोंटोचं ठाणे का?

तुम्ही लिहिलंय: कॅनडाचं पीआर (कायम राहण्याची परवानगी) आलंय, नवरा-बायको दोघंही आयटीत, मुलगी सातवीत, सध्या मुक्काम डोंबिवली, फेब्रुवारीत निघायचा विचार. टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात राहावं का, आणि ‘ते टोरोंटोचं ठाणेच ना?’ बँक, हेल्थ कार्ड, टॅक्स हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते मी इथे उगाळत नाही. पण मी मूळची ठाण्याची. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

ठाणे नव्हे हो. ठाण्यात तलाव होते, बाजारपेठ होती, स्टेशन होतं, आणि त्यांच्याभोवती शहर पसरत गेलं. इथे मुळात मधलं असं काही नव्हतंच. शेतं, आणि त्यांत सुटी सुटी गावं: कुक्सव्हिल, माल्टन, स्ट्रीट्सव्हिल, पोर्ट क्रेडिट. ज्यांच्या नावावरून शहर ओळखलं जातं ते मिसिसागा हे मूळचे आदिवासी लोक क्रेडिट नदीकाठचे. जमिनी हातातून गेल्यावर १८४७ मध्ये त्यांना इथून उठून दुसरीकडे जावं लागलं. १९६८ मध्ये बरीचशी गावं एकत्र करून ‘टाउन’ केलं. नावासाठी मतदान झालं, आणि शेरिडन हे दुसरं नाव हरलं. १९७४ मध्ये स्ट्रीट्सव्हिल आणि पोर्ट क्रेडिटलाही आत ओढलं आणि ‘सिटी’ झाली. शहराला मध्य हवा म्हणावं, तर एका बिल्डरने १९७३ मध्येच शेतात स्क्वेअर वन हा मॉल उभा करून ठेवला होता. नगरपालिका त्याच्या शेजारी आली, वाचनालय आलं, टॉवर आले. आजही इथे ‘जरा बाहेर जाऊन येऊ’ म्हणजे बहुधा मॉलमध्येच.

स्ट्रीट्सव्हिलच्या महापौर हेझल मॅकॅलियन या विलीनीकरणाविरुद्ध हिरिरीने भांडल्या आणि हरल्या. मग १९७८ मध्ये त्याच मिसिसागाच्या महापौर झाल्या आणि २०१४ पर्यंत खुर्ची सोडली नाही! निवडून येऊन वर्ष होतंय तोच, नोव्हेंबर १९७९ मध्ये, क्लोरीन आणि प्रोपेन नेणारी मालगाडी मेव्हिस रोडपाशी घसरली, स्फोट झाले आणि दोन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. एकही जीव गेला नाही. आमच्या शेजारच्या पोर्तुगीज आजी तो दिवस अजून सांगतात, आणि प्रत्येक वेळी बाईंची तारीफ करतात.

मला मात्र बाईंच्या कारभाराची दुसरी बाजू तुम्हाला सांगायची आहे, कारण तिचा तुमच्याशी संबंध आहे. नवीन घरं बांधली की बिल्डरकडून विकासशुल्क यायचं, त्यातून सोयी व्हायच्या, घरपट्टी कमी राहायची आणि शहरावर वर्षानुवर्षं कर्ज नव्हतं. मोकळी जमीन होती तोवर हे छान चाललं. मग जमीन संपली. २०१६ मध्ये लोकसंख्या ७,२१,५९९ होती, २०२१ मध्ये ७,१७,९६१. वाढणं हाच ज्याचा धंदा, ते शहर थोडं का होईना, आटलं. तरुण जोडप्यांना घरं परवडेनात. आपली नवी मंडळी मग कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये राहतात. तुम्हीही बहुधा तिथूनच सुरुवात कराल. बेसमेंट नगरपालिकेत नोंदलेलं आहे का, एवढं मालकाला विचाराच.

मोटारगाडी गृहीत धरून आखलेलं गाव आहे हे. रुंद हमरस्ते, आत वळणावळणाच्या गल्ल्या, कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा गाडी काढायची. म्हणून लायसन्स. भारतातला गाडी चालवण्याचा अनुभव पूर्ण धरून घ्यायचा तर तिकडच्या परवाना देणाऱ्या कार्यालयाचं पत्र लागतं, नुसतं कार्ड पुरत नाही. मी ठाण्यात घोडबंदर रोडवर गाडी चालवलेली बाई. इथे आले आणि नवशिकी ठरले. माझ्या भावाने त्या पत्रासाठी किती खेटे घातले! साहेब रजेवर, असा फॉरमॅट आमच्याकडे नाही, बाईंना समक्ष पाठवा. शेवटी पत्र आलं तर त्यात माझं माहेरचं आडनाव. तुम्ही ते पत्र निघण्याआधी स्वतः उभं राहून घ्या, आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग अक्षर अन् अक्षर जुळवून बघा.

आता शाळा. आम्ही पश्चिमेकडच्या एका नव्या वस्तीत राहायला गेलो. वस्तीच्या तोंडाशी पाटी होती: इथल्या मुलांना जवळच्या शाळेत जागा मिळेलच असं नाही, बसने दुसरीकडे पाठवलं जाऊ शकतं. अशा पाट्या इथे नियमानेच लावतात. घरं आधी विकली जातात, शाळा मागून येते. शाळेसाठी राखलेला प्लॉट आमच्या स्वयंपाकघरातून दिसायचा, त्यात गवत. मुलगा बसने लांबच्या शाळेत. तिथेही इमारतीत जागा नाही, म्हणून मैदानात ठेवलेल्या पोर्टेबलमध्ये, म्हणजे लाकडी खोक्यासारख्या वर्गात. संडास मुख्य इमारतीत. थंडीत तिथे जायचं तर जॅकेट चढवा, बूट घाला, बर्फातून जा, परत या, सगळं उतरवा. तोवर धडा पुढे गेलेला. त्याने दिवसभर पाणी पिणंच बंद केलं. बाटली भरलेली जायची, भरलेली परत यायची, आणि मी त्यालाच रागवत होते. इंग्रजी माध्यमातला मुलगा, तरी वर इंग्रजीचा जादा वर्ग लावला. मी शाळेला पत्रं लिहिली, गोड उत्तरं आली. तो आता नोकरीला आहे. विचारलं तर म्हणतो, ‘आई, मला आठवतही नाही गं.’ मला आठवतं.

तर भाडेकरारावर सही करण्याआधी तो पत्ता शाळा मंडळाच्या संकेतस्थळावर घालून शाळा बघा, आणि मग शाळेला फोन करून स्पष्ट विचारा की या इयत्तेत जागा आहे की दुसरीकडे पाठवता. इयत्ता इथे जन्मवर्षावरून ठरते, सातवी झाली म्हणून आठवी असं नाही.

ऑफिस टोरोंटोच्या डाउनटाउनमध्ये असेल तर पोर्ट क्रेडिट किंवा क्लार्कसनच्या आसपास बघा. तिथून जाणारा गो ट्रेनचा, म्हणजे इथल्या लोकलचा, मार्ग १९६७ पासूनचा, गाड्या दिवसभर असतात. मिल्टन मार्गावर कुक्सव्हिल, स्ट्रीट्सव्हिल ही स्टेशनं आहेत, पण रूळ मालगाडीवाल्या कंपनीचे. सकाळी जायच्या आणि संध्याकाळी यायच्या गाड्या, तेही कामाच्या दिवशीच. एरवी बस. हुरोंटारिओ रस्त्यावर ट्रामसाठी २०२० मध्ये काम सुरू झालं. तिला हेझलबाईंचं नाव दिलंय, पण घर निवडताना तिच्यावर भिस्त ठेवू नका.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. जानेवारीत जास्त. गणपतीला, दिवाळीला माणसं भेटतात. पुढचा प्रश्न.

फेब्रुवारीत येऊ नका. जुलैत या. शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होतात, तोवर मुलीला रस्ते तरी कळतील.

डोंबिवलीचं घर विकावं का, हेही शेवटी विचारलंय तुम्ही. आम्ही ठाण्याचं विकलं. हिशेबाने बरोबर होतं, नवरा अजूनही कागदावर मांडून दाखवतो. मी तो कागद बघते आणि चहा टाकायला उठते. हा एक प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी विचारा.