कपलर कापला कोणी?

जुळे सोलापूरच्या एका वाचकांनी जुनी हॅचबॅक विकताना तिच्यातला अकरा हजारांचा टचस्क्रीन सेट काढून ठेवला. पुढे सेकंडहँड एसयूव्ही घेतली आणि होटगी रोडच्या एका फिटरकडून तो तिच्यात बसवून घेतला. मजुरी आठशे, बिल नाही. वीसेक मिनिटं गाणी वाजली की सेटला हात लावता येत नव्हता, मग तो आपोआप बंद पडायचा. दीड महिन्यात धूर निघाला आणि डॅशबोर्डचं प्लास्टिक वितळलं. कंपनी म्हणते वॉरंटी बाद, फिटर म्हणतो सेटच खराब. वाचकांना आता कंपनीवर दोन लाखांचा दावा लावायचा आहे. अशी पत्रं दर उन्हाळ्यात येतात. कधी सेटचं असतं, कधी बाहेरून बसवलेल्या हेडलाइटचं.

तुम्ही ग्राहक आहात का, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं का, यावर शाई घालवत नाही. दावा कोणावर लावायचा, इथेच सगळं अडलंय. कंपनीवर लावू नका.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८७(१) वाचा. हानी झाली तेव्हा वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरबदल केलेला असेल, तर उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईची, कारवाई विक्रेत्याविरुद्ध चालत नाही, आणि स्वतः विकणारा उत्पादकही त्या व्याख्येत येतो. तुमच्या फिटरने सेटचा मूळ कपलर, म्हणजे तारा जोडायचा प्लास्टिकचा प्लग, कापून तारा हाताने पिळल्या आणि वर टेप मारली. कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला हे दाखवेल. वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरातली अट अन्यायकारक आहे असं म्हणता येईल कदाचित, पण अन्यायकारक कराराचं भांडण जिल्हा आयोगात नाही, राज्य आयोगात न्यावं लागतं. अकरा हजारांच्या सेटसाठी?

तुम्ही रागाने पाठवलेला सर्व्हिस सेंटरचा तो कागदच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्यावर तारखेसह लिहिलंय, ‘कपलर कापलेला, आउटपुट आयसी (स्पीकरला आवाज देणारी चिप) जळालेला, वॉरंटी लागू नाही.’ कंपनीविरुद्ध हा कागद तुम्हाला बुडवतो, पण फिटरविरुद्ध तोच तुम्हाला तारतो. फिटरवर सेवेतील त्रुटीची तक्रार करा.

फिटर काय म्हणणार ते आत्ताच सांगतो. ‘सोलापूरचं ऊन आहे मालक, मे महिन्यात काहीपण तापतं.’ याला उत्तर तुमच्याच पत्रात आहे. हाच सेट जुन्या गाडीत दोन उन्हाळे विनातक्रार वाजला. ऊन तेच, सेट तोच, बदललं ते फक्त बसवणं. जुनी गाडी ज्यांना विकली त्यांच्याकडून एवढं लिहून आणा की पहिल्या फिटिंगचा अॅडॅप्टर कपलर, म्हणजे गाडीच्या तारा आणि सेट यांच्यामधला जोड, अजून त्या गाडीतच आहे. म्हणजे तेव्हा तारा कापलेल्या नव्हत्या हे दिसेल. सेट काढताना तो सोबत घ्यायला हवा होता, किंवा नव्या गाडीचा दीड-दोनशेत घ्यायचा. ते केलं नाहीत.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य: ‘फ्यूज सारखा उडत होता म्हणून त्यांनी पंधराच्या जागी तीसचा टाकून दिला.’ अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! फ्यूज उडत होता म्हणजे कुठेतरी जास्त करंट ओढला जात होता. स्पीकरची मायनस तार बॉडीला अर्थ केली असेल, किंवा चार ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलवर समांतर जोडून भार दोन ओहमवर आणला असेल. दोन्हीत आउटपुट आयसी तापतो. नेमकं काय झालं ते तपासणीत कळेल. पण दोष न शोधता दुप्पट फ्यूज घालणं हा निष्काळजीपणा आयोगाला समजावायला तज्ज्ञ लागत नाही.

तेव्हा तो तीसचा फ्यूज, कापलेला कपलर, टेप आणि सेट जसाच्या तसा एका डब्यात ठेवा. तुमच्या मेहुण्यांच्या ओळखीच्या मेकॅनिकने एकदा तो उघडून पाहिलाच आहे, आता आणखी कोणाला उघडू देऊ नका. कलम ३८ खाली आयोग सेट सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि अहवालाला ४५ दिवसांची मुदत असते. गाडीतल्या उघड्या तारांचे फोटो आज काढा, मगच त्यांची टोकं बंद करून घ्या, नाहीतर पुढची आग गाडीला लागेल. बिल नाही म्हणून रडू नका, आठशे रुपये फोनवरून दिलेत ना? बँकेचा उतारा काढा. फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांना कोर्टाइतका चिकटत नाही, समोरचा वकील मात्र चिकटतो.

मुदत दोन वर्षांची, कलम ६९. सेट बसवून सव्वा वर्ष झालं आणि त्यातलं बहुतेक तुम्ही कंपनीला ई-मेल पाठवण्यात घालवलंत. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. धूर निघाला त्या दिवसापासून मोजता येईलही, पण तुम्ही बसवल्या दिवसापासूनच मोजा. उशीर माफ होऊ शकतो, त्याला सबळ कारण लागतं.

आधी फिटरला स्पीड पोस्टाने नोटीस द्या. सेटची घटलेली किंमत, डॅशबोर्डच्या दुरुस्तीचं कोटेशन, मजुरी आणि माफक खर्च, एवढंच मागा. दोन लाख लिहिलेत तर नोटीस वाचून तो हसेल. आयोगात तुमच्या तक्रारीला फी नाही, कारण दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत आहे. तपासणी लागली तर निकाल पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. कायदा बरंच काही म्हणतो. मध्यस्थीत फिटर निम्म्या रकमेला तयार झाला तर मी तुमच्या जागी घेऊन मोकळा होईन.

विम्याचं विचारलंत. बाहेरून बसवलेला सेट पॉलिसीत वेगळा दाखवून त्याच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता भरलेला असेल तरच तो विम्यात येतो. डॅशबोर्डचा दावा लगेच कळवायचा होता, आता फारशी आशा नाही. पण सेकंडहँड गाडीची पॉलिसी तुमच्या नावावर झाली का, याबद्दल पत्रात अक्षर नाही. तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर आपोआप येतो, स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. तो राहिला असेल तर नोटीस उद्या लिहा, आज विमा कंपनीत जाऊन या.