उधळपट्टी, अपव्यय, नासाडी, चैन: एकाच्या जागी दुसरा शब्द चालतो का?

नाही चालत. यातल्या एका शब्दापायी माझं आणि दादाचं अडीच वर्षं बोलणं बंद होतं.

बाबांचं आठवड्यातून दोनदा परळला डायलिसिस असायचं. आम्ही भांडुपचे. जाताना लोकल, पण येताना त्यांना पुलाचे जिने चढवत नसत. मग सायनपर्यंत काळीपिवळी टॅक्सी आणि तिथून रिक्षा, कारण रिक्षा सायनच्या अलीकडे शहरात येत नाही. पट्टी बांधलेला हात मांडीवर, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलेलं. १९८२चा गिरणी संप सोसलेला माणूस. मीटरचा आकडा हलला की बोटं घट्ट व्हायची.

बाबा गेल्यावर दादाने हिशेबाची वही काढली आणि टॅक्सीच्या रकमेपुढे लाल पेनने लिहिलं, ‘उधळपट्टी’.

जेजुरीला भंडारा उधळतात तेव्हा मूठ भरून फेकायचं, कुठे पडलं ते बघायचं नाही. पैशाचं तसं केलं की उधळपट्टी. चार पैसे वाचावेत म्हणून आजारी माणसाला घेऊन सायनला वाहन बदलणारी बाई उधळी कशी? फार तर ‘अनाठायी खर्च’ लिहायचं. ठाय म्हणजे जागा. खर्चाची जागा चुकली, एवढंच. त्यावर मी वाद घातला असता, पण रडले नसते.

नासाडी वस्तूची होते. पिकाची नासाडी पाऊसही करतो, उधळपट्टी माणूसच करतो. दादाच्या मुलीच्या लग्नात दोन पातेली मसालेभात टाकला, ती नासाडी. तिला मी कधी उधळपट्टी म्हटलं नाही. अपव्यय पैशाचा, वेळेचा, विजेचा, कशाचाही. पण तो परिपत्रकातला शब्द, घरात भांडताना तोंडात येत नाही. चैनीत निदान सुख तरी मिळतं, म्हणून तिला वाया गेलं म्हणू नये.

बोलताना सगळेच सरमिसळ करतात, अन्नाचा अपव्ययही म्हणतात. ते चुकीचं नाही. पण वहीत लिहिताना विचार करावा.

ती वही अजून दादाच्या कपाटात आहे. तो शब्द खोडून नुसतं ‘टॅक्सी’ ठेव, असं मी त्याला गेल्या दिवाळीलाही सांगितलं.