दहा नावं, पाच सामने : बॅडमिंटन संघनिवडीवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जागतिक क्रमवारी दर आठवड्याला जाहीर होते. वरची नावं उचलली की संघ तयार. मग निवड समिती आणि चाचणीचा खटाटोप कशासाठी? (एक पालक)

उत्तर : क्रमवारी म्हणजे वर्षभराचा जमाखर्च. मागच्या 52 आठवड्यांत खेळाडूने खेळलेल्या स्पर्धांपैकी सर्वाधिक गुणांच्या दहा धरतात आणि त्यांची बेरीज करतात. दहापेक्षा कमी स्पर्धा खेळल्या असतील तर जेवढ्या असतील तेवढ्यांचीच. हा आकडा निवडीसाठी वाचताना दोन ठिकाणी फसगत होते.

गुण कुठून आले, हे पहिलं ठिकाण. सुपर 1000 या वरच्या दर्जाच्या स्पर्धेच्या 32 जणांच्या ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत हरलेल्याला 3,000 गुण मिळतात. त्याहून बऱ्याच खालच्या, इंटरनॅशनल चॅलेंज दर्जाच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठून तिथे हरलेल्याला 2,800. म्हणजे त्या आठवड्यात एकही सामना न जिंकलेला खेळाडू पुढे आणि ओळीने सामने मारत गेलेला मागे. मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळण्याइतका तो चांगला आहे हे खरं, पण निवडीच्या टेबलावर दोघांची नावं शेजारी असतील तर ही फोड समोर हवी.

दुसरं, गुण कधीचे आहेत. अकरा महिन्यांपूर्वी सुपर 500 दर्जाची स्पर्धा जिंकलेल्याचे 9,200 गुण आजही पूर्णच्या पूर्ण धरले जातात, मग मधल्या काळात त्याचा गुडघा धरलेला का असेना.

म्हणून समितीने क्रमवारीच्या शेजारी स्वतःचा तक्ता ठेवावा : गेल्या सहा महिन्यांतले सगळे सामने, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची त्या आठवड्याची क्रमवारी, पहिल्या तीसमधल्यांविरुद्ध किती खेळला, किती सामने तिसऱ्या गेमपर्यंत नेले, त्यातले किती काढले. सोयीची रीत अशी की ठरावीक क्रमांकाच्या वर असलेल्यांना थेट प्रवेश, बाकीच्या जागांसाठी चाचणी आणि एखाद-दोन जागा समितीच्या अखत्यारीत. तो क्रमांक आणि त्या जागा किती, हे नावं समोर येण्याआधी कागदावर आलेलं असावं. नंतर ठरवलेला निकष कुणासाठी ठरवला, हे कुणालाही ओळखता येतं.

प्रश्न : थॉमस चषकासाठी दहा जणांचा संघ असेल तर एकेरीचे किती आणि दुहेरीचे किती घ्यावेत? (क्लब प्रशिक्षक)

उत्तर : पुरुषांच्या या जागतिक सांघिक स्पर्धेत दोन देशांच्या एका लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी असे पाच सामने असतात. कुणी दोन्हीकडे खेळलं नाही तर कोर्टवर उतरणारे सात जण झाले. वाद असतो तो उरलेल्या तीन जागांचा.

2022 मध्ये भारताने हा चषक पहिल्यांदा जिंकला तेव्हा दहा जणांत चार एकेरीचे आणि सहा दुहेरीचे, म्हणजे तीन पूर्ण जोड्या होत्या. या रचनेत दुहेरीतल्या एकाला दुखापत झाली तरी त्याच्या जोडीदाराला अनोळखी माणसाबरोबर उतरवावं लागत नाही; तिसरी जोडी तयार असते. एकेरीत मात्र एकच राखीव उरतो. उलट पाच अधिक पाच केलं तर एकेरीत दोन राखीव मिळतात आणि दुहेरीचा पाचवा चौघांपैकी कुणाच्याही जागी उभा राहू शकतो. अट एकच, तो पाचवा पुढेही खेळणारा हवा आणि मागेही. फक्त मागून स्मॅश मारणारा पाचवा घेतला आणि दुखापत दुसऱ्या स्मॅश मारणाऱ्याच्या जोडीदाराला झाली, की कोर्टवर दोन मागचे खेळाडू आणि नेटवर कुणीच नाही.

आमचा कल चार-सहाकडे आहे, पण दुसरी जोडी पहिलीच्या जवळपास असेल तरच. पहिल्या आणि दुसऱ्या जोडीत मोठी दरी असेल तर तिसरी जोडी नेऊन उपयोग नाही. ती जागा एकेरीला द्या.

सगळ्यात हेळसांड होते ती तिसऱ्या एकेरीची. तो सामना क्रमाने शेवटी येतो, त्यामुळे बाद फेरीत अनेकदा होतच नाही. तीन सामने जिंकले की लढत संपते. पण होतो तेव्हा 2-2 वरच होतो. 2022 मध्येच उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाविरुद्ध आणि उपांत्य फेरीत डेन्मार्कविरुद्ध भारत 2-2 वर होता आणि दोन्ही वेळा एच. एस. प्रणॉयने पाचवा सामना काढला. डेन्मार्कच्या रास्मुस गेमकेविरुद्ध पहिला गेम 13-21 असा गमावून पुढचे दोन 21-9, 21-12. तिसऱ्या जागेसाठी निवड करताना खेळाडूने सर्वात वरचा कुणाला हरवलं, याहून त्याची पातळी किती खाली घसरू शकते, हे पाहावं.

प्रश्न : कच्च्या खेळाडूला पहिल्या एकेरीत उभं करून चांगल्याला तिसऱ्या एकेरीत का ठेवत नाहीत? एक सामना सोडायचा, दोन पक्के करायचे. (महाविद्यालयीन खेळाडू)

उत्तर : कारण नियम तसं करू देत नाही. स्पर्धेसाठी एक तारीख ठरलेली असते आणि त्या तारखेच्या जागतिक क्रमवारीनुसारच एकेरीचे खेळाडू पहिला, दुसरा, तिसरा असे उतरतात. दुहेरीच्या जोड्यांनाही हाच न्याय. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला पूर्ण विश्रांती देता येते. मग खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात.

तरी तुमच्या डोक्यात जे आहे ते कायदेशीर मार्गाने साधतं, आणि ते निवडीच्या वेळीच साधावं लागतं. खेळ वरचा पण क्रमवारी खाली, असा खेळाडू तिसऱ्या एकेरीला आपोआप येतो. दुखापतीतून परतलेला आणि त्या काळात गुण गळालेला खेळाडू म्हणूनच सांघिक स्पर्धेत फार मोलाचा. 2022 मध्ये लक्ष्य सेन नवव्या, किदांबी श्रीकांत अकराव्या आणि प्रणॉय तेविसाव्या क्रमांकावर होता. लक्ष्यच्या वाट्याला उपांत्य फेरीत डेन्मार्कचा अव्वल खेळाडू व्हिक्टर अॅक्सेलसन आला आणि तो हरला. त्याच क्रमवारीमुळे प्रणॉय मात्र समोरच्या तिसऱ्या खेळाडूशी भिडला. नुसत्या क्रमवारीने संघ निवडणाऱ्या समितीच्या हातून असे खेळाडू निसटतात.

प्रश्न : आठ एकेरी खेळाडूंची निवड चाचणी घ्यायची आहे. बाद पद्धत ठेवावी की साखळी? किती दिवस लागतील? (संघटनेचे पदाधिकारी)

उत्तर : साखळीच. बाद पद्धतीत पहिल्या फेरीतच दोन सर्वोत्तम समोरासमोर आले की एक जण दुपारी घरी.

आठ जणांचे एकूण 28 सामने, सात फेऱ्या, प्रत्येक फेरीत चार सामने. दिवसाला दोन फेऱ्या धरल्या तर तीन दिवसांत सहा आणि चौथ्या दिवशी सकाळी सातवी. तीन फेऱ्या एका दिवसात कोंबू नका. तिसऱ्या सामन्यात कौशल्य दिसत नाही, फक्त कोणाचे पाय उरलेत ते दिसतं. दोन फेऱ्यांत तीन-चार तासांचं अंतर हवं. चार कोर्ट असतील तर सगळी फेरी एकाच वेळी होते. तसंच करा, म्हणजे दुसऱ्याचा निकाल बघून कुणी हात आखडता घेत नाही.

एकाच प्रशिक्षण केंद्रातले खेळाडू पहिल्या फेरीत आपसात खेळवा. शेवटच्या दिवसासाठी तो सामना ठेवला आणि एकाची जागा आधीच पक्की झाली असेल, तर दुसऱ्यावर मेहेरबानी होते. निदान तसा संशय तरी येतो. साखळीतल्या शेवटच्या सामन्यांची ही जुनी खोड आहे. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला दुहेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून गटातला सामना मुद्दाम हरू पाहणाऱ्या चार जोड्यांना स्पर्धेबाहेर काढावं लागलं होतं.

बरोबरी कशी सोडवणार ते आधी लिहून द्या. दोघांचे विजय सारखे असतील तर आपसातला निकाल. तिघांचे असतील तर जिंकलेल्या आणि हरलेल्या गेममधला फरक, तोही सारखा असेल तर गुणांतला फरक. या गणितात तिघांपैकी दोघंच बरोबरीत उरले तर पुन्हा आपसातला निकाल. कुणी मध्येच माघार घेतली तर त्याचे आधी झालेले सामनेही रद्द धरतात. इथे गडबड होते : सहाव्या फेरीनंतर कुणी पायाला पट्टी बांधून निघून गेला, की त्याला हरवणाऱ्यांचा एक विजय जातो आणि त्याच्याकडून हरलेल्यांचा एक पराभव पुसला जातो. क्रम उलटतो. म्हणून माघारीसाठी चाचणीच्या ठिकाणी डॉक्टर हवा आणि त्याचा शेरा लेखी हवा.

आता शटल. चारही दिवस एकाच गतीचं हवं आणि रोज सकाळी त्याच हॉलमध्ये तपासलेलं हवं. मागच्या सीमारेषेवरून खालच्या हाताने, पूर्ण फटक्याने, वरच्या दिशेला आणि बाजूच्या रेषेला समांतर मारायचं. समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे 530 ते 990 मिलिमीटर या पट्ट्यात पडलं तर गती योग्य. शटल संथ निघालं तर चिवट बचाव करणाऱ्यांचं फावतं, वेगवान निघालं तर आक्रमक खेळाडूंचं; मध्येच खोका बदलला तर पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाची तुलनाच उरत नाही. हॉलमध्ये वारा एका बाजूने येत असेल तर कोणी कोणत्या बाजूने गेम घेतला याची नोंद ठेवा. सर्व्हिस करताना शटल 1.15 मीटरच्या खाली असावं लागतं; ती उंची मोजायचं साधन लावा. चाचणीत ते नसतं, मग निवडलेला खेळाडू मोठ्या स्पर्धेत जातो आणि पहिल्या गेममध्येच त्याच्या दोन सर्व्हिस फॉल्ट ठरतात.

प्रश्न : दुहेरीत खेळाडू निवडायचे की जोड्या? (एक वाचक)

उत्तर : जोड्या. दुहेरीची क्रमवारीसुद्धा जोडीचीच असते. जोडीदार बदलला की नव्या जोडीचे गुण शून्यापासून सुरू होतात.

पण दुखापत सांगून येत नाही, म्हणून अदलाबदल करूनही बघावी लागते. 2022 च्या अंतिम लढतीत इंडोनेशियाने मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्जो यांना एकत्र उतरवलं. दोघंही अव्वल, पण नेहमीचे जोडीदार वेगळे. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी ही रुळलेली जोडी त्यांच्याविरुद्ध 18-21, 23-21, 21-19 अशी जिंकली. सामना किती निसटता होता बघा. जमवलेली जोडीही तयारीची असेल तर इतकी जवळ जाते.

चाचणीत अ, ब, क, ड असे चार खेळाडू घेतले की तीन सामने होतात : अब-कड, अक-बड, अड-बक. सहा जणांतून 15 जोड्या निघतात, त्या सगळ्या तपासत बसू नका. ज्यांची भूमिका पूरक आहे अशाच जुळवा. निकालाइतकंच लक्ष पहिल्या तीन फटक्यांवर ठेवा, म्हणजे सर्व्हिस, परतीचा फटका आणि त्यावरचा फटका. प्रत्येक खेळाडूच्या पन्नास सर्व्हिस मोजा : किती उचलून मारल्या गेल्या आणि किती नेटवर ठोकल्या गेल्या.

नवी जोडी बहुतेक दोनच ठिकाणी फुटते. मधून आलेल्या शटलला दोघंही जातात किंवा दोघंही सोडतात; एक डावखुरा असेल तर हा घोळ वाढतो, कारण दोघांचा फोरहँड कधी मध्ये येतो तर कधी दोघांचा बॅकहँड. दुसरं, शटल उचलून दिल्यावर शेजारी-शेजारी व्हायला पुढचा उशीर करतो आणि स्मॅश त्याच्या अंगावर येतो. पहिला दोष आठवडाभराच्या सरावात जातो. दुसरा सवयीचा असतो, लवकर जात नाही.

प्रश्न : सुदिरमन चषकात मिश्र दुहेरीचे खास खेळाडू न्यावेत का? (एक वाचक)

उत्तर : न्यावेत. ही पुरुष आणि महिलांची एकत्र सांघिक स्पर्धा. तिथे पाच सामन्यांपैकी एक मिश्र दुहेरी असतो, म्हणजे एक पंचमांश लढत. एका खेळाडूला एका लढतीत दोन सामने खेळता येतात, म्हणून पुरुष किंवा महिला दुहेरीतल्यालाच मिश्रमध्ये उतरवून जागा वाचवायचा मोह होतो. गट फेरीत ते निभावतं. बाद फेरीत सलग दिवशी दोन-दोन सामने पडले की दुसऱ्या सामन्याच्या तिसऱ्या गेममध्ये पाय बोलतात.

प्रश्न : ऑलिम्पिकसाठी खेळाडू कोण निवडतं? (विद्यार्थी)

उत्तर : बहुतांशी क्रमवारीच. पॅरिस 2024 साठी 1 मे 2023 ते 28 एप्रिल 2024 या काळातल्या स्पर्धांचे गुण धरले गेले. एका देशाचे एकेरीत दोन खेळाडू जातात, पण दोघंही पहिल्या 16 मध्ये असतील तरच. दुहेरीत दोन जोड्या, दोन्ही पहिल्या आठमध्ये असतील तर. त्यामुळे बलाढ्य देशाचा जगात दहावा असलेला खेळाडू घरी बसू शकतो, कारण त्याच्याच देशाचे दोघं त्याच्या वर असतात.

प्रश्न : चाचणीच्या आठवड्यात मुलगी आजारी पडली. आता काही मार्ग आहे का? (एक आई)

उत्तर : निवड नियमावलीत आजारपणाची सवलत आहे का ते आधी बघा. असेल तर बहुधा तीन गोष्टी लागतात : चाचणी सुरू होण्यापूर्वी दिलेला लेखी अर्ज, डॉक्टरांचं तारखेसह प्रमाणपत्र आणि मागच्या काही महिन्यांची कामगिरी. चाचणी झाल्यावर दिलेल्या अर्जाला कुणी दाद देत नाही, आणि ते बरोबरच आहे. समितीच्या अखत्यारीतली जागा अशा प्रसंगासाठीच असते. त्या जागेवर चर्चा होताना तुमच्या मुलीचा किंवा तिच्या प्रतिस्पर्धी मुलीचा प्रशिक्षक समितीत असेल तर त्याने खोलीबाहेर थांबायला हवं. इतिवृत्तात तशी नोंद मागा. अपील करायचं असेल तर प्रवेशिका पाठवण्याची अंतिम तारीख विचारून घ्या. नावं गेल्यावर अपील जिंकूनही हाती काही लागत नाही.

प्रश्न : जागतिक ज्युनिअर स्पर्धेसाठी वय कसं मोजतात? (एक पालक)

उत्तर : जन्मवर्षावरून. 2025 च्या स्पर्धेला 1 जानेवारी 2007 किंवा त्यानंतर जन्मलेले पात्र होते. 31 डिसेंबर 2006 ला जन्मलेला एका दिवसाने बाहेर.