आंबा घाट उतरण्याआधी

भावा, पहिल्यांदाच गाडी घेऊन कोकणात उतरतोयस, तर शनिवारी पहाटे पाचलाच कोल्हापूर सोड. मलकापूर, आंबा घाट, रत्नागिरी. साधारण १३० किलोमीटर. घाट उतरताना गाडी सेकंडला ठेव, ब्रेकवर पाय दाबून बसू नकोस. मी बसलो होतो एकदा! साखरप्यात चाकांतून जळका वास, मग अर्धा तास नुसता चहा.

खरी मजा रत्नागिरीच्या पुढं, गणपतीपुळ्याकडं जाताना आरे-वारेच्या रस्त्यावर. वळण घेतलंस की एकदम खाली समुद्र. चालवत बघू नकोस, गाडी कडेला घे, मग बघ पोटभर. वाळूत गाडी घालायचा नाद तर अजिबात नको. रविवारी अंधाराआधी घाट चढ. धुकं उतरलं की पुढचं वळणच दिसत नाही.