मराठी माध्यमातून शिकलेल्याने बिझनेस इंग्लिशची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा : कुडाळला काजूच्या कारखान्यात एक्सपोर्टच्या टेबलावर नोकरी लागली आहे, शिक्षण सगळं मराठीतून, तर बिझनेस इंग्लिशच्या हजार शब्दांची यादी पाठ करू की आधी व्याकरण धरू?

यादी ठेवा बाजूला. मी वेंगुर्ल्यात याच धंद्यात पत्रव्यवहार सांभाळतो आणि मला पहिला दणका दिला तो शाळेतल्या ‘बाय’ने. गिऱ्हाइकाने विचारलं होतं, हा भाव कधीपर्यंत मिळेल? मी ऐटीत लिहिलं, ‘यू विल गेट द प्राइस बाय फ्रायडे’. तो समजला, शुक्रवारच्या आत हे लोक भाव कळवणार. वाट बघत बसला. सोमवारी त्याचा मेल आला तोवर बीचा दर चढला होता आणि अर्धी ऑर्डर त्याने दुसरीकडे देऊन टाकली होती. आमचे मालक एवढंच म्हणाले, “अरे मेल्या, तू त्येका नेमका काय लिवलंस?”

आपल्याकडे ‘पर्यंत’ एकच. इंग्रजीत त्याचे दोन होतात. मुदतीच्या आत एकदा उरकायचं काम असेल तर बाय, म्हणजे शुक्रवारपर्यंत पैसे भरा. तोवर चालूच राहणारी गोष्ट असेल तर अन्टिल, म्हणजे शुक्रवारपर्यंत हाच भाव. अशा जागा हुडकून काढा, व्याकरणाचं निम्मं काम तिथेच होतं. ‘काल माल पाठवलाय’ हे मराठीत बिनधास्त चालतं, पण यस्टरडे आलं की ‘हॅव डिस्पॅच्ड’ चालत नाही, नुसतं ‘डिस्पॅच्ड’. ‘दोन वर्षांपासून’साठी ‘फ्रॉम टू इयर्स’ नाही, ‘फॉर टू इयर्स’. चर्चा आपण कशाबद्दल तरी करतो म्हणून आपण ‘डिस्कस अबाउट’ लिहितो, तिथला अबाउट काढून टाका. ए-अ‍ॅन-द माझे अजून चुकतात, त्यावाचून कंटेनर अडलेला नाही.

शब्दांचं म्हणाल तर धंद्याचे आधी. ‘डब्ल्यू ३२०’ म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे पांढरे गर. ‘आउटटर्न ४८’ म्हणजे ८० किलो बीमधून ४८ पौंड गर. ‘आउटस्टँडिंग’ शाळेत शेऱ्यात यायचं, इथे त्याचा अर्थ येणं बाकी. एफओबी (माल जहाजावर चढवून देण्यापर्यंतचा भाव) आणि सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमा धरून भाव) नीट समजून घ्या. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा आपण भरतो, तरी माल जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याची. हे मला तीन वर्षं उलटंच वाटत होतं, आणि कोणाला विचारायची लाज.

मी केलं ते साधं. एक दोनशे पानी वही. रोज आलेल्या मेलमधलं एक चांगलं वाक्य डाव्या पानावर अख्खं उतरवायचं, उजव्या पानावर तीच गोष्ट मी कशी लिहिली असती ते, आणि फरकाखाली रेघ. पावसाळ्यात लाइट गेली की हेच काम. दोनेक महिन्यांनी तुमच्या लक्षात येईल की पंचवीस-तीस वाक्यांवर सगळा धंदा चालतो. मात्र फक्त परदेशातून आलेले मेल उतरवा. आपल्या ऑफिसांत फिरणारं ‘डू द नीडफुल’ आणि ‘प्रीपोन’ बाहेरच्या माणसाला बुचकळ्यात टाकतं.

एक राहिलं. आमच्याकडे कच्ची बी बेनिन आणि आयव्हरी कोस्टहून येते. तिथला कारभार फ्रेंचमध्ये, म्हणजे समोरचाही तुमच्यासारखाच शिकून इंग्रजी लिहितोय. एका वाक्यात एकच गोष्ट लिहा, आणि ‘नेक्स्ट फ्रायडे’ न लिहिता सरळ तारीख टाका, महिना अक्षरात.

उजव्या पानावर अडलं तर इथेच खाली वाक्य टाका, संध्याकाळी बघतो.