फेरी मोजा, उंचीने गुणा

प्रश्न : बाई, नमस्कार. मी करमाळा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववीला गणित शिकवते. पृष्ठफळाची सगळी सूत्रं मुलांना तोंडपाठ आहेत. पण चाचणीत ‘झाकण नसलेल्या टाकीला आतून गिलावा करायचा आहे’ असं गणित आलं, तर बहुतेकांनी एकूण पृष्ठफळ काढलं, काहींनी चक्क घनफळ. सूत्रं पक्की असून असं का होतं? आणि शंकू, गोल शिकवताना हातात काय द्यावं?

उत्तर : ताई, तुमच्या मुलांना सूत्रं येतात, पण ती कशाची आहेत हे त्यांच्या हाताला माहीत नाही. म्हणून ‘टाकी’ शब्द दिसला की जे सूत्र आधी आठवेल ते लिहून मोकळी होतात.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील घरं रंगवायचे. मी फळ्यावर खोलीचं गणित घातलं : लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंची ९ फूट, चार भिंतींना रंग द्यायचा. बाकीची मुलं सूत्र आठवत होती, तोवर हिने वहीत एकच ओळ लिहिली होती : ४४ गुणिले ९, म्हणजे ३९६ चौरस फूट. मी विचारलं, ४४ कुठून आणलेस? म्हणाली, “खोलीची फेरी, बाई. बाबा टेप घेऊन भिंतीभिंतीने फिरतात, मग उंचीने गुणतात. दार-खिडकी नंतर वजा करतात.” मी कित्येक वर्षं ‘दोन गुणिले कंसात लांबी अधिक रुंदी’ असं शिकवत आले होते, पण त्या कंसात खोलीची परिमिती बसली आहे हे मुलांना कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पृष्ठफळाचा माझा पहिला तास ‘फेरी गुणिले उंची’ एवढ्यावरच.

तुमच्या टाकीसाठी बुटांचं खोकं आणा. समजा ३२, १८ आणि १२ सेंमी भरलं. झाकण बाजूला ठेवा आणि मुलांना आतून प्रत्येक बाजूवर तळहात टेकवू द्या, मोठ्याने मोजू द्या. पाच बाजू. फेरी १००, उंची १२, भिंती झाल्या १२०० चौसेमी; तळ ५७६; एकूण १७७६. आता झाकण लावा, आणखी ५७६ वाढले. या वेळी फळ्यावर सूत्र लिहू नका. ‘एकूण पृष्ठफळ’ हा शब्द झाकण लावल्यावरच उच्चारा, म्हणजे तो कधी वापरायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. घनफळाचा गोंधळही इथेच मिटवता येतो : आत काय मावेल ते घनफळ, अंगाला काय लागेल ते पृष्ठफळ.

वृत्तचितीला नवं काही शिकवायचं उरतच नाही. पावडरचा किंवा बिस्किटांचा गोल डबा घ्या, भोवतीचा कागद उभा कापून उलगडा. आयत मिळतो. व्यास ७ सेंमी असेल तर फेरी २२, उंची १२ असेल तर २६४ चौसेमी. पुन्हा फेरी गुणिले उंची! फक्त एक काळजी घ्या : कागदाची एकावर एक चिकटलेली पट्टी आधी कापून टाका, नाहीतर सेंटिमीटरभर जास्त येतं आणि मुलांना वाटतं गणितच चुकलं.

जोडलेल्या ठोकळ्यांची गणितं जरूर द्या. ५ सेंमी बाजूचे दोन घन चिकटवले तर ३०० चौसेमी राहत नाहीत, २५० होतात, कारण दोन बाजू आत दडल्या. हे मुलांना ठोकळे हातात घेतल्याशिवाय पटत नाही.

शंकूसाठी १४ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापून त्याचा शेंगदाण्याच्या पुड्यासारखा पुडा वळवायला सांगा. अर्धवर्तुळाचा कंस ४४ सेंमी, तोच पुड्याच्या तोंडाचा घेर झाला, म्हणजे तोंडाची त्रिज्या ७. आणि अर्धवर्तुळाची जी त्रिज्या, ती आता शंकूची तिरकस उंची. दोन्हीकडून क्षेत्रफळ काढू द्या : अर्धवर्तुळाचं ३०८, आणि पाय (π) गुणिले ७ गुणिले १४ सुद्धा ३०८. मुलं तिरकस उंचीच्या जागी सरळ उंची घालतात, ती चूक या पुड्यानंतर बरीच कमी होते. कागद तोच आहे, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं.

गोल मात्र उलगडून सपाट होत नाही, हे मुलांना आधीच मोकळेपणाने सांगा. भास्कराचार्यांनी इ.स. ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त त्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचं पृष्ठफळ, असं दिलं आहे आणि उपमा वापरली आहे ‘कन्दुकस्येव जालम्’, चेंडूभोवतीच्या जाळ्यासारखं. ही ओळ मी नेहमी फळ्यावर लिहिते. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसराशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या माणसाने जाळ्याची उपमा देऊन हे सांगितलं, याचं मुलांना अप्रूप वाटतं. मग मोसंबी घ्यायची. संत्रं बसकं असतं, मोसंबं जास्त गोल. मधोमध कापून कापलेल्या तोंडाची चार वर्तुळं कागदावर काढायची, सालीचे लहान तुकडे करून ती भरायची. साधारण चारही भरतात. साल जाड असल्यामुळे थोडं कमी-जास्त होतं, तेही मुलांकडून वहीत लिहून घ्या.

मोसंबी चार-चार मुलांमागे एक पुरते. फोडी त्यांना खाऊ द्या, पण साल वर्तुळांत बसवून झाल्यावरच.